धाकट्या भावाने सांगितलं असतं तर

"मान हलवू नकोस गं. एक वेणी वर, एक खाली झाली तर किल्ल्यावरच्या शेळ्यासुद्धा हसतील तुला."

दाफिना हसली नाही. द्रानेबाईंनी दातांत धरलेलं रबर काढलं, केसांचे तीन पेड केले आणि वळणावर बस कलली तशा स्वतःही कलत वेणी घालायला लागल्या. बस हळूहळूच चालली होती. श्कोदर शहरात सायकलवाला बससाठी बाजूला होत नाही, बसलाच त्याच्या मागून जावं लागतं, आणि पुढे तर एक आजोबा मागच्या कॅरिअरवर कोंबडी बांधून निवांत निघाले होते. मागच्या बाकांवरची मुलं त्या कोंबडीला हाका मारत होती.

दाफिना आज सकाळी शाळेत आली ती विंचरल्याशिवाय. स्वेटर उलटा घातलेला. सहलीचा डबाही नाही. तिची आजी वितोरे रोज तिला अशा घट्ट वेण्या घालून पाठवायची की पोरीच्या भुवया कायम वर ओढलेल्या दिसायच्या. बाई कधीकधी वितोरेला गमतीने म्हणायच्या, "अहो, जरा सैल घाला, मला सारखं वाटतं हिला माझ्या शिकवण्याचं आश्चर्य वाटतंय."

"आजी कुठंय आज?"

"आहे."

"घरी?"

"घरीच."

"मग वेणी का नाही घातली?"

"तिला नाही जमलं आज."

बस पुन्हा चालू लागली. खिडकीतून सरोवराचा ओला वास आत आला. दाफिनाने पुढच्या बाकाच्या पाठीवर बोटाने एक रेघ ओढली.

"बाई, फरशीवर झोपलं तर थंडी वाजते का?"

"खाली काही घातलं नसेल तर वाजतेच."

"आणि वरून ब्लँकेट घातलं तर?"

"मग थोडी कमी वाजेल. का गं? कोण झोपलंय फरशीवर?"

बाईंना दाफिनाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. ती ताठ झाली होती.

"सांगायचं नाहीये. मी बेसा दिलीय."

बाईंची बोटं वेणीतच थांबली.

बेसा म्हणजे दिलेला शब्द. श्कोदरमधल्या मुलांना 'आई' आणि 'भाकरी'च्या पाठोपाठ कळतो तो हाच शब्द. शपथ देवाची असते, ती देव बघून घेईल; बेसा माणसाने माणसाला दिलेली असते, ती मोडली की त्या घराकडे लोक मान वळवून बघत नाहीत. गेल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर किल्ला काढून मुलांना सांगितलं होतं, "पुढच्या आठवड्यात आपण रोझाफाचा किल्ला बघायला जाऊ. तिथे मी तुम्हाला बेसा पाळणाऱ्या माणसाची गोष्ट सांगेन." तेव्हापासून पहिलीच्या वर्गात बेसांचा बाजारच भरला होता. झेफने लिंदिताला बेसा दिली होती की तो तिला चिमटा काढणार नाही. ती मधली सुट्टी संपायच्या आत मोडली आणि सगळ्या वर्गाने दिवसभर त्याच्याशी बोलणं सोडलं. शेवटी झेफ रडला तेव्हा बाईंना मध्ये पडावं लागलं.

"कुणाला दिलीस?"

"तेही सांगायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वेणी पुरी केली.

त्यांना ठाऊक होतं, दरडावून विचारलं तर पोर सांगेल. बाईंनी विचारलं म्हणून सांगेल. आणि मग आयुष्यभर तिला वाटत राहील, की सहा वर्षांची असताना मी शब्द मोडला आणि तो मोडायला मला बाईंनी लावला. पण फरशीवर कुणीतरी आहे, हेही डोक्यातून जाईना. त्यांनी वितोरेच्या मोबाइलवर फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. त्यात नवल नव्हतं. वितोरेचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या खणात असायचा आणि रविवारी मुलीचा इटलीहून फोन यायचा तेवढ्यापुरता बाहेर निघायचा.

बाई उठून पाश्कपाशी गेल्या. पाश्क शाळेची बस चालवायचा. त्याआधी कधीतरी तो बाईंच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसून नाक ओढायचा.

"पाश्क, वितोरे दिसली का रे तुला इतक्यात?"

"कोण, दाफिनाची आजी? काल संध्याकाळी तर बाजारात कोबीवाल्याला झापत होती. म्हणे, हा कोबी तुझ्या आजोबांनी लावलेला दिसतोय." तो हसला. "का हो?"

"काही नाही. परत जाताना तिच्या घरावरून जाऊ."

बाईंना जरा बरं वाटलं. कोबीवाल्याला झापणारी बाई रात्रीतून कुठे जाते?

*

"प्रत्येकाने एकच दगड घ्यायचा. मुठीत मावेल एवढा. झेफ, ठेव तो खाली. तो दगड नाही, अर्धा डोंगर आहे."

"मला उचलता येतो बाई!"

"उचलशील रे. पायावर पाडलास तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

किल्ल्याचा चढ दगडी आणि गुळगुळीत. मुलं एकमेकांचे हात धरून, मधूनच वाकून दगड वेचत वर चढत होती. वर्ग आता लहान झाला होता. प्रत्येक सप्टेंबरात बाकं तेवढीच असत आणि मुलं कमी येत; कुणी मिलानला गेलेलं असे, कुणी जर्मनीला. एकेकाळी ही सहल न्यायला तीन शिक्षक लागायचे. आता बाई आणि पाश्क पुरत होते.

द्रानेबाईंची शिकवायची एक पद्धत होती. सनावळी आधी सांगायची नाही. आधी हाताला काहीतरी लागलं पाहिजे. बेरातच्या डोंगरावरची ती खिडक्याच खिडक्यांची घरं शिकवताना त्या मुलांना पुठ्ठ्याला खिडक्या कापायला लावायच्या. क्रुयाच्या किल्ल्याच्या वेळी वर्गातली टेबलं उभी करून वेढा घालायच्या आणि आत अडकलेल्यांना मधल्या सुट्टीपर्यंत पाणी नाही म्हणून सांगायच्या. ते कुणी विसरत नसे. आणि रोझाफाच्या किल्ल्याशी आलं की मुलांनी भिंत बांधायची.

दरवाजाच्या अलीकडे गवताचा एक तुकडा आहे, तिथे मुलं खाली बसली. दगडावर दगड ठेवू लागली. लिंदिता मुकादम झाली. "तुझा नको आधी, चपटा खाली!" भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "छान. आता रात्र झाली. सगळ्यांनी डोळे मिटा. घोरा."

मुलं घोरायला लागली. झेफ सगळ्यांत मोठ्याने. पाश्क चवड्यांवर आला आणि पायाने भिंत ढकलून दिली.

डोळे उघडल्यावर एकच आरडाओरडा झाला. "कुणी पाडली? कुणी पाडली?" पाश्क आकाशाकडे बघत शीळ घालत होता.

"बांधा परत," बाई म्हणाल्या.

पुन्हा बांधली, पुन्हा रात्र झाली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा झेफ रडकुंडीला आला. "बाई, असं नाही करायचं! आम्ही एवढं बांधतो आणि..."

"हां. आता तुम्हाला कळलं, त्या तीन भावांना कसं वाटलं असेल. चला."

पाश्क बाईंच्या बाजूने चालत पुटपुटला, "माझ्या वेळी मीही असाच रडलो होतो. आता मला पोरांना रडवायचा पगार मिळतो."

बाईंचं लक्ष दाफिनाकडे होतं. तिने दगड वेचला होता, पण भिंतीत ठेवला नव्हता. तो तिच्या मुठीतच होता.

*

दरवाजाच्या बोळात शिरलं की अंधारून येतं. दगडावर वरून खाली पांढरट ओघळ आहेत. पावसाळी दिवसांत तिथून चुन्याचं पाणी पाझरतं आणि अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणी येऊन ते बोटाला लावून नेतात. आता मे महिना होता, ओघळ वाळून खडूसारखे झाले होते.

"सगळ्यांनी हात लावा," बाई म्हणाल्या.

मुलांनी तळवे टेकले. थंड होतं.

बाईंनी गोष्ट सांगितली. तीन भाऊ किल्ला बांधत होते. दिवसा बांधायचे, रात्री पडायचा. एक म्हातारा तिथून चालला होता. तो म्हणाला, ही भिंत माणूस मागतेय. उद्या तुमच्यापैकी ज्याची बायको जेवण घेऊन येईल, तिला या भिंतीत घ्या. पण घरी जाऊन बायकांना सांगायचं नाही. द्या बेसा.

"दिली!" मुलं ओरडली. ही गोष्ट अर्ध्याजणांना घरूनच माहीत होती.

"थोरल्याने काय केलं?"

"सांगितलं! खोटारडा!"

"मधल्याने?"

"त्याने पण सांगितलं!"

"आणि धाकट्याने?"

"ना-ही सां-गि-त-लं!" बोळ दुमदुमला. बाहेर शेळ्या दचकून पळाल्या.

"मग दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली माझं डोकं दुखतंय, मधली म्हणाली मी माहेरी चाललेय. धाकटीला काहीच माहीत नव्हतं. ती रोझाफा. पाळण्यात बाळाला झोपवून, भाकरी आणि पाण्याचा घडा घेऊन ती इथे वर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला घ्या भिंतीत, पण एक बाजू मोकळी ठेवा. एक हात, बाळाला थोपटायला. एक पाय, पाळणा हलवायला. आणि दूध पाजायला..."

इथे आल्यावर मुलं दर वर्षी गप्प व्हायची. मग बाई म्हणायच्या, "पण धाकट्याने बेसा मोडली नाही. म्हणून आज इतक्या वर्षांनीही आपण त्याचं नाव चांगल्या माणसांत घेतो." आणि मग सगळे वर जायचे, डबे उघडायचे.

बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात दाफिना बोलली. तिचा एक तळवा अजून भिंतीवर होता.

"बाई, त्याने सांगितलं असतं तर ती वाचली असती?"

"अगं, पण बेसा होती ना!" झेफ म्हणाला.

"मला माहितीय. मी बाईंना विचारतेय."

ठरलेलं उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. वाचली असती बाळा, पण मग त्याच्या शब्दाला काय अर्थ उरला असता? हे वाक्य त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं आणि आजीने तिच्या. त्यांनी दाफिनाच्या हाताकडे बघितलं. छोटी बोटं त्या पांढऱ्या ओघळावर दाबून दाबून लालबुंद झाली होती. फरशीवर कोण आहे ते बाईंना त्या क्षणी पक्कं कळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "वाचली असती."

"मग त्याने सांगायला पाहिजे होतं?"

"हो. सांगायला पाहिजे होतं."

पाश्कने बाईंकडे वळून बघितलं. मग झेफला राहवलं नाही.

"पण बाई, मग किल्ला पडला असता!"

"पडला असता तर पडला असता. दुसरा बांधला असता. इथे दगडांना काय तोटा आहे?"

"म्हणजे धाकटा वाईट होता?" लिंदिताने विचारलं. तिला काळजी पडली होती, कारण शाळेत या गोष्टीवर बसवलेल्या नाटकात तिला धाकट्याचं काम मिळालं होतं.

"वाईट नव्हता गं. चांगलाच होता. पण चुकला. आणि त्याच्यापेक्षा जास्त चुकला तो म्हातारा, कारण त्याने असली बेसा मागितली." बाई खाली बसल्या, मुलांच्या उंचीला आल्या. "मला सांगा, घरी पाहुणा आला की तुमचे आजोबा काय म्हणतात?"

"या घरात तुला कुणी हात लावणार नाही!" झेफ आजोबांसारखा छाती काढून म्हणाला.

"ती बेसा. बेसा माणसाला राखायला असते. जिच्यामुळे माणूस भिंतीत जातो, तिला मी बेसा म्हणत नाही. आणि लहान मुलांकडून तसली कुणी मागितली असेल, तर ती मागणाऱ्याने विचार करायला पाहिजे होता. मुलाने नाही."

दाफिनाने भिंतीवरचा हात काढला. मुठीतला दगड खाली पडला.

"आजी पडलीय," ती म्हणाली.

मग सगळं एका श्वासात बाहेर आलं. "शेगडीजवळ. पहाटे. तिचा पाय हलत नाही. मी उशी दिली, ब्लँकेट घातलं, पाणी ठेवलं. ती म्हणाली तू शाळेत जा, मी दुपारपर्यंत उठते. कुणाला सांगायचं नाही. शेजारी कळलं की लगेच आईला फोन जाईल, मग आई सगळं टाकून येईल. तिचे तिकडचे कागद अजून झाले नाहीत. आधी आली तर परत जाता येणार नाही. हिवाळ्यात पण ती पडली होती, तेव्हापण मी सांगितलं नव्हतं."

"दार उघडं आहे?"

दाफिनाने स्वेटरच्या आतून गळ्यातली दोरी ओढली. दोरीला किल्ली होती. "मी कुलूप लावलं. तीच म्हणाली."

पाश्कने किल्ली घेतली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "बाई, तुम्ही पोरांपाशी थांबा. मी अँब्युलन्सला वाटेतूनच फोन करतो," असं म्हणत तो त्या गुळगुळीत चढावरून पळत सुटला. हा माणूस एरवी बसमधून उतरून चहाच्या टपरीपर्यंत चालायचाही कंटाळा करायचा.

*

मुलांना सोडून बाईंना कुठे जाता येणार नव्हतं. त्यांनी दाफिनाचा हात धरला आणि सगळ्यांना घेऊन वर तटावर गेल्या. आता काय करायचं ते त्यांना एकच ठाऊक होतं. शिकवायचं.

"ही कोणती नदी?"

"बुना!"

"आणि ती पलीकडची?"

"द्रिन!"

"आणि तिसरी? ती बारीकशी? किर. तीन बाजूंना पाणी, म्हणून किल्ला इथे बांधला. आधी इलिरियन लोक होते, मग व्हेनिसवाले आले. मग तुर्क त्या बाजूने आले, एवढ्या मोठ्या तोफा घेऊन. लोकांनी कितीतरी दिवस दरवाजा उघडला नाही."

"बाई, ते काय खात होते?"

"जे असेल ते."

"म्हणजे उंदीर?"

"असतील उंदीरही, झेफ."

झेफ समाधानाने मान डोलावून उंदरांबद्दल इतरांना सांगायला गेला. बाईंचा दुसरा हात खिशातल्या फोनवर होता. तोफांबद्दल बोलता बोलता त्या मध्येच थांबत होत्या आणि मुलांना वाटत होतं, बाई तुर्कांना आठवताहेत.

"तुमचं घर इथून दिसतं का?" लिंदिताने दाफिनाला विचारलं.

दाफिनाने बाजाराच्या बाजूला बोट केलं. सगळी मुलं तटाला पोट लावून शोधू लागली. पण इथून सगळी छपरं सारखीच लाल होती.

"बाई," दाफिना हळूच म्हणाली, "आता मी वाईट झाले का?"

"कोण म्हणतं?"

"आजी म्हणेल."

"मी येते ना तुझ्याबरोबर. आजीशी मी बोलेन."

"ती तुम्हालाही ओरडेल."

"ओरडू दे. मला सवय आहे. पाश्कची आई शाळेत यायची तेव्हा खिडक्यांच्या काचा हलायच्या."

तेवढ्यात झेफ ओरडला, "अँब्युलन्स! ती बघा, ती बघा!" खाली पुलाच्या रस्त्यावर पांढरी गाडी सायकलींच्या मधून वाट काढत होती. इथून ती साखरेच्या खड्याएवढी दिसत होती. यावेळी मात्र सायकली बाजूला झाल्या. मुलं टाळ्या वाजवू लागली, शर्यत बघितल्यासारखी. बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. गाडी बाजाराच्या बाजूला छपरांत शिरली.

ती परत दिसायला फार वेळ लागला. निदान बाईंना तसं वाटलं. दिसली तेव्हा सावकाश चालली होती आणि तिचा भोंगा बंद होता. भोंगा का बंद असेल याची दोन कारणं बाईंना माहीत होती. त्यांनी दाफिनाचं तोंड आपल्या अंगाकडे वळवून घेतलं.

फोन वाजला.

"बाई, ही वितोरे मला शिव्या घालतेय."

"पाश्क, नीट सांग."

"नीटच सांगतोय. मी बूट न काढता स्वयंपाकघरात गेलो म्हणून. जमिनीवर पडून ओरडत होती, काढ आधी बूट, तुझ्या आईने काही शिकवलं की नाही. अँब्युलन्सवाल्यांनीही बूट दारात काढले तेव्हा कुठे तिने हात लावू दिला." पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. "खुब्याचं हाड मोडलंय म्हणतात. अंग गार पडलं होतं. संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणतोय. पण आता बरी आहे. मी अँब्युलन्समध्येच आहे, हिला पोचवून बस घेऊन येतो."

बाई तटाच्या दगडावर बसल्या. त्या हसत होत्या आणि हसतानाच चष्मा काढून पुसत होत्या.

"काय झालं बाई?"

"आजी बरी आहे. बुटांवरून भांडतेय."

दाफिनाने एक मोठा श्वास घेतला, इतका मोठा की उलट्या स्वेटरची शिवण ताणली. मग म्हणाली, "मला भूक लागलीय."

तिचा डबा नव्हता, पण सगळ्यांचे होते. लिंदिताने पालक भरलेलं खुसखुशीत ब्यूरेक दिलं, कुणी चीज दिलं, कुणी चेरी. झेफने उकडलेलं अंडं सोलून दिलं आणि वर म्हणाला, "बेसा, मी चाटलेलं नाही." दाफिनाने सगळं खाल्लं. किल्ल्यावर वारा सुटला होता आणि मुलं त्या जुन्या आवारात गवतातून पळत होती. बाईंनी त्यांना पळू दिलं. आज पुढचा धडा झाला नाही.

*

हॉस्पिटलच्या पायरीवर दाफिनाने पाय घट्ट रोवले.

"मी बाहेर थांबते."

"आपलं काय ठरलं? मी आहे ना."

खोलीत खिडकीशी वितोरे होती. डोक्याचा पांढरा रुमाल तिने आडवं पडल्या पडल्या नीट बांधला होता. दाफिना बाईंच्या मागे लपली.

"कुणी सांगितलं?" वितोरेने विचारलं.

"वितोरेताई, आज किल्ल्यावर मीच मुलांना..."

"तुम्हाला नाही विचारलं बाई."

दाफिना बाईंच्या मागून बाहेर आली. "मी सांगितलं."

"काय काय सांगितलंस?"

"की तू पडलीस. पाय हलत नाही. आणि मी बेसा दिलीय, ते पण."

वितोरेने नजर छताकडे वळवली. शेजारच्या खाटेवरची बाई उगाच आपली उशी सारखी करू लागली.

"बाई, ही गेल्यावर मी दोनदा उठायचा प्रयत्न केला," वितोरे म्हणाली. ती आता बाईंशीच बोलत होती, पण बघत छताकडेच होती. "दुसऱ्यांदा कळलं की हे होणार नाही. मग मनात आलं, दुपारी पोर येईल. एकटीच कुलूप काढेल. आणि आत मी अशी..." ती थांबली. "इकडे ये गं."

दाफिना खाटेला टेकून उभी राहिली.

"बेसा मागितली कुणी? मी मागितली. तुझं वय काय, आणि मी काय मागितलं. मीच ती सोडते. झालं?"

"म्हणजे मी मोडली नाही?"

"मागणाऱ्याने सोडली की मोडायला राहतंच काय?" वितोरेने तिचा स्वेटर धरून ओढला. "आणि हा उलटा का घातलायस? सगळ्या श्कोदरने बघितलं असेल."

दाफिना तिथेच उभी राहून स्वेटर काढू लागली, तो डोक्यात अडकला, आणि त्या लोकरीच्या आतून ती इतकी जोरात रडायला लागली की नर्स दारातून डोकावून गेली. वितोरे एका हाताने तिला थोपटत राहिली. दुसऱ्या हातात सलाइनची सुई होती.

रडणं थांबल्यावर बाईंनी विचारलं, "मुलीला कळवायचं?"

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक सांगते वितोरेताई, यापुढे पोरीला मध्ये घालू नका."

वितोरेला असं कुणी बोललेलं चालत नसे. तिने बाईंकडे रोखून बघितलं. मग नजर खाली केली. "उद्या मी बोलते तिच्याशी. जे आहे ते सांगते. यायचं की थांबायचं ते तिने ठरवावं. ती तिकडे दुसऱ्याची म्हातारी सांभाळते आणि इथे..." वाक्य तिने अर्ध्यावरच सोडलं.

"तोवर दाफिना माझ्याकडे राहील. माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. मलाही बरं."

"तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? सकाळी एकत्रच शाळेत जाऊ."

बाई उठल्या. दाफिनाने स्वेटर सुलटा घालून घेतला. पण वितोरे अस्वस्थ झाली. तिने इकडेतिकडे बघितलं, कोपरावर उठायचा प्रयत्न केला, कळ आली तशी पुन्हा मागे टेकली.

"अशा कशा निघालात? काही घेतलं नाहीत. माझ्याकडे येऊन कुणी कोरडं गेलं नाही आजवर."

"अहो, हे घर आहे का? हॉस्पिटल आहे."

"मी जिथे आहे तिथे माझंच घर. साधी कॉफीसुद्धा नाही इथे करता येत." तिची नजर टेबलावरच्या ताटावर गेली. दुपारचं जेवण तसंच होतं, फक्त सूप संपलं होतं. "दाफिना, ते दही दे बाईंना. चमचा धुऊन दे. आणि खुर्ची पुढे घे, पाहुण्याला उभं ठेवतात का?"

दाफिनाने कोपऱ्यातल्या नळावर चमचा धुतला, स्वेटरला पुसला आणि दह्याचा डबा दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. बाईंना दही आवडत नसे. त्यातून हे पातळ होतं आणि दुपारपासून खिडकीतल्या उन्हात राहिल्याने आंबटही झालं होतं. त्या खुर्चीवर नीट बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि खाऊ लागल्या. एक चमचा, मग दुसरा. वितोरे उशीवरून बघत होती. बाईंनी कडेचं दही चमच्याने निपटून घेतलं, शेवटचा घास खाल्ला आणि रिकामा डबा जरा तिरपा करून तिला दाखवला.

मग कुठे वितोरेने डोळे मिटले.